पश्चिमेची हद्द

समुद्रावर वाळूचा किल्ला करायचा नाही, खड्डा खणायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही आणि पळायचं नाही. हे नियम बाईचे. बाई म्हणजे माझी आई, धापूबाई. आमच्या मारवाडी घरात आईला असंच म्हणतात. ओल्या वाळूत खेकड्यांची बिळं असतात, पाण्याच्या थेंबाथेंबात जीव असतात, आणि आपल्या मजेपायी ते मारू नयेत, एवढं साधं तिचं म्हणणं.

मग समुद्रावर जायचंच कशाला, असं कुणीही विचारील. आम्ही जायचो, कारण भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, समुद्र आवडायचा. सावद्यात त्यांचं किराण्याचं दुकान. वर्षभर गल्ल्यामागे बसणारा हा माणूस मे महिन्यात दुकान मुनिमावर सोडायचा आणि आम्हाला सुरतेच्या पुढे एका किनाऱ्यावर न्यायचा. तिथे एक जैन धर्मशाळा आहे. बाईच्या नियमांतून जे काही उरायचं, त्यातून भाऊ आमच्यासाठी खेळ काढायचे.

एका वर्षी त्यांनी ‘पाहुणा’ काढला. बिळांपासून थोडं दूर, अजिबात न हलता बसायचं; ज्याच्याजवळ खेकडा आधी बाहेर येईल तो जिंकला. मी तेव्हा दहावीत होते. खेळ मला पोरकट वाटला होता, पण जिंकले मीच. दुसऱ्या एका वर्षी डोळे बांधून, गोल फिरवून सोडायचे आणि समुद्राच्या आवाजाकडे पाठ करून धर्मशाळेच्या फाटकापर्यंत चालायला लावायचे. त्यात बाईसुद्धा खेळली होती आणि थेट शेंगदाणेवाल्याच्या गाडीवर जाऊन आदळली होती. पुढे माझा भाऊ दीपक याला मुलं झाली, तरी खेळ चालूच राहिले. जुना खेळ पुन्हा लावायचा नाही, हा एकच नियम भाऊंचा होता.

दिवाळीनंतर भाऊ गेले. दुकानातच, बसल्या जागी.

मे उजाडला तसा दीपकचा फोन आला. “मुलं विचारतायत समुद्राचं. जायचं ना?”

“बाई येईल?”

“येते म्हणाली. शेवटचंच म्हणाली.”

“शेवटचंच म्हणजे?”

तो म्हणाला, “तुला सांगितलं नाही का तिने? या चातुर्मासात महासतीजींसमोर दिशांची मर्यादा घेणार आहे.”

दिशांची मर्यादा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आपल्या जाण्यायेण्याला चारी बाजूंनी हद्द ठरवायची, महासतीजींसमोर, म्हणजे साध्वींसमोर, ती बोलून दाखवायची, आणि मग जन्मभर तिच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्या एका आजीने घेतलं होतं हे व्रत. तिच्या भाच्याचं लग्न हद्दीबाहेरच्या गावात निघालं तर ती गेली नव्हती.

“हद्द कुठली ठरवलीय?” मी विचारलं.

“पूर्वेला मुक्ताईनगर, दक्षिणेला बोदवड, उत्तरेला पाल. आणि पश्चिमेला जळगाव. डोळ्यांचे डॉक्टर तिथे आहेत ना.”

मी धुळ्याला राहते. धुळे जळगावच्या पुढे, आणखी पश्चिमेला.

यात तिचा राग नव्हता, हे मला कळत होतं. मुलीच्या घरी आईबापांनी राहायचं नसतं, हे तिच्या मनात इतकं पक्कं आहे की हद्द आखताना धुळे सुटलं, हेही तिच्या लक्षात आलं नसणार. तेच जास्त लागलं. ठरवून वगळलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पुढचे दिवस मी घरात नुसती फिरत होते. पुस्तक उघडायचं, पान वाचायचं, आपण काय वाचलं ते आठवेना म्हणून तेच पान पुन्हा वाचायचं. मला बाईला एवढंच सांगायचं होतं: पश्चिमेला जळगाव म्हणू नकोस, धुळे म्हण. एक वाक्य. पण आमच्या घरात असं काही सरळ मागायची रीत नाही. भाऊ होते तेव्हा कुणाला काय हवंय ते त्यांना आपोआप कळायचं, म्हणजे आम्ही तसं धरून चालायचो.

समुद्रावर पोहोचलो त्या सकाळी पाणी खूप आत गेलं होतं. ओली, सपाट वाळू लांबवर चमकत होती. बाईने सुरूच्या झाडाखाली घडीची खुर्ची मांडली. दीपकचा मुलगा संयम माझ्याभोवती घिरट्या घालत होता. तो बारा वर्षांचा आहे आणि त्याला प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा असतो.

“भुवा, यावर्षी खेळ कोण काढणार?” त्याने विचारलं. भुवा म्हणजे आत्या.

“मी,” मी म्हटलं. मी तयारीनेच आले होते.

“तुला येतो?”

“बघ आता. या खेळाचं नाव हद्द.”

खेळ सोपा होता. प्रत्येकाने आधी आपल्या चारी दिशांच्या हद्दी मोठ्याने बोलून ठेवायच्या; वाळूवर रेघ मारायची नाही, समोर दिसेल त्या खुणेवरून सांगायचं. मग दीपकने मधे उभं राहून प्लास्टिकचा हलका चेंडू कुठेही टाकायचा. तो ज्याच्या हद्दीत पडेल त्याने तो आणून द्यायचा, चालत, पायाखाली बघत. आणला की एक गुण. हद्दीबाहेर पाऊल पडलं की बाद.

“आणि एकदा बोललेली हद्द बदलता येत नाही,” मी म्हटलं. बोलताना बाईकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं.

ती समीक्षाच्या, संयमच्या धाकट्या बहिणीच्या, वेणीला रबर लावत होती. हात क्षणभर थांबले, मग परत चालू झाले.

संयमने हद्द घेतली ती एखाद्या जहागिरदाराने घ्यावी तशी. “पूर्वेला सुरूची झाडं. उत्तरेला ती उलटी होडी. दक्षिणेला पप्पांच्या चपला. पश्चिमेला पाणी.”

“एवढी हद्द घेऊन चालून चालून मरशील,” दीपक म्हणाला.

“सगळे चेंडू माझे.”

“घे बाबा. सावद्यात पण असाच सातबारा कर.”

भाभी, दीपकची बायको, मधला पट्टा घेऊन मोकळी झाली. समीक्षा सहा वर्षांची. ती म्हणाली, “माझी दादीच्या खुर्चीपासून दादीच्या खुर्चीपर्यंत.”

“अगं, थोडी मोठी घे,” भाभी म्हणाली.

“नको. मला दमायला होतं.”

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. पण अशी छोटी हद्द कुणीतरी घ्यावी, अशीच माझी इच्छा होती.

खेळ सुरू झाला. दीपक चेंडू टाकायचा, संयम ताठ पायांनी भराभर चालायचा, पळणं आणि चालणं यांतला फरक जितका पातळ करता येईल तितका करत. भाभी मधूनच हसायची आणि हद्द विसरायची. समीक्षा खुर्चीला धरून उभी होती. बराच वेळ झाला. मग तिचा चेहरा बदलत गेला.

“माझ्याकडे कुणी टाकतच नाही.”

“तुझी हद्दच एवढीशी आहे,” संयम ओरडला. “टाकला तर दादीच्या डोक्यात पडेल.”

“मग मला खेळायचंच नाही.”

“थोडी मोठी घ्यायला हवी होती,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. ते तिला सांगायचं नव्हतंच.

बाईने वर बघितलं. तिने समीक्षाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून ती नजर जरा जास्तच स्वच्छ झाली आहे. मी उठून दीपकच्या चपला सरळ करायला गेले. त्या सरळच होत्या.

मी तिथे वाकलेली असतानाच माझी बोटं भिजली.

आम्ही तापीकडची माणसं. आमच्या नदीचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. हटायचं झालं तर हंगामाने हटतं. समुद्राचं तसं नसतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. दरवर्षी भाऊ आल्या आल्या धर्मशाळेच्या पहारेकऱ्याला भरतीची वेळ विचारायचे आणि त्याप्रमाणे आम्हाला उठवून वर आणायचे. ती वेळ आम्हाला कधी माहीत करून घ्यावी लागलीच नाही. यावर्षी कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेसुद्धा त्या ओल्या बोटांनी आठवलं.

पाणी जोरात आलं नाही. पातळ पसरत आलं, चपला उचलल्या, एक आडवी केली आणि दोन्ही घेऊन मागे गेलं. दीपक “अरे, अरे” करत दोन पावलं गेला, मग पाण्यात उतरायचं नाही हे आठवून काठावर उभा राहिला. चपला थोड्या अंतरावर तरंगत होत्या, एकमेकींपासून लांब जात.

“बठ्ठा खेळ पाणीमा गया,” बाई म्हणाली. सगळा खेळ पाण्यात गेला, असं. तिचं माहेर पारोळ्याचं. हसू यायच्या बेतात असलं की ती माहेरच्या बोलीत जाते. दिवाळीनंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं.

संयमला चपलांशी घेणंदेणं नव्हतं. तो होता तिथेच घोटाभर पाण्यात उभा राहून भांडत होता. “मी बाद नाही. माझी हद्द पाण्यापर्यंत होती. मी हललोच नाही, पाणी आलं.”

“पण आता तू पाण्यात आहेस,” भाभी म्हणाली.

“मग पाणी बाद.”

“दादी, सांग ना,” तो बाईकडे वळला. “मी हद्द बोललो तेव्हा पाणी तिकडे होतं. मग माझी हद्द तिकडेच ना? की पाणी येईल तशी कमी होणार?”

अशा प्रश्नांचा निकाल आमच्या घरात बाईच देते. व्रतनियमांतल्या बारकाव्यांवर तिचा अधिकार आहे. तिने खरंच विचार केला. “बोलताना तुझ्या मनात जी जागा होती ती हद्द,” ती म्हणाली. “पण चूक तुझीच. हलणाऱ्या गोष्टीवर हद्द धरायची नसते.”

“हे आधी सांगायचं ना, भुवा,” संयम माझ्यावर घसरला. “तुझा खेळ कच्चा आहे. दादाजींचा असा नसायचा.”

“संयम,” दीपक म्हणाला.

“खरंय त्याचं,” मी म्हटलं.

मुलांना घेऊन दीपक आणि भाभी शेंगदाणेवाल्याकडे गेले. मी खुर्चीजवळ उभी राहिले, मग बसले, मग पुन्हा उभी राहिले.

“बस एका जागी,” बाई म्हणाली. “हा खेळ कुणासाठी काढलास?”

“मुलांसाठी.”

“भाऊंनी खेळातून कधी कुणाला शिकवलं नाही.”

वारा आता उलटा वाहत होता आणि सुरूची सुयांसारखी पानं तिच्या मांडीवर पडत होती. ती एकेक उचलून बाजूला ठेवत होती.

“तुला वाटतं, म्हातारीला कुणी काहीतरी सांगितलं आणि ती स्वतःला कोंडून घ्यायला निघाली,” ती म्हणाली. “कुणी सांगितलं नाही. घरात माझा पाय ठरत नाही गं. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून दुकानात. दुकानात गेले की मुनीम उठून उभा राहतो, मग परत येते. दिवसभर हेच. म्हणून बांधून घ्यायचंय. फिरणं बांधलं की मनही थोडं बांधलं जाईल, असं महासतीजी म्हणतात. बघू.”

आपल्यासारखंच दुसऱ्या घरात कुणी फिरत असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

“घे तू मर्यादा,” मी म्हटलं. “मी नको म्हणत नाही. फक्त पश्चिमेला जळगाव म्हणू नकोस. धुळे म्हण.”

“धुळ्याला माझं काय काम?”

तिने हे सहज विचारलं. दुखवायला नाही, खरंच काय काम असेल, अशा आवाजात.

“मी आहे धुळ्याला.”

“तू येतेसच की सावद्याला. दिवाळीला, राखीला.”

“मी आजारी पडले तर? तुला चार दिवस राहावंसं वाटलं तर?”

“मुलीच्या घरी कुणी राहतं का?”

“ते भाऊंच्या वेळचं झालं, बाई.”

“भाऊ गेले म्हणून रीत गेली?” ती म्हणाली, आणि सुरूचं आणखी एक पान उचललं. ते तिने बाजूला ठेवलं नाही, बोटांत धरून बसली. मग मुलं परत आली. समीक्षाच्या दोन्ही मुठींत शेंगदाणे होते. आमचं बोलणं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवण करून दुपारी निघालो. येताना रस्ता नवापूर, साक्री करत धुळ्यावरूनच जातो, त्यामुळे मला घरी उतरवून बाकीच्यांनी सावद्याला जायचं, हे दरवर्षीचं. बाई दीपकच्या शेजारी पुढे बसली होती. कोंडाईबारीच्या घाटात समीक्षाला उलटी झाली. तिचे कपडे, सीट, भाभीची ओढणी, सगळं खराब झालं. बाईने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली आणि तिचं तोंड, हात, मान धुण्यात ती रिकामी झाली. बाई फक्त उकळून गाळलेलं पाणी पिते. ती बाटली संपली म्हणजे घर येईपर्यंत तिच्यासाठी पाणी नाही.

“वाटेत घेऊ ना बिसलेरी,” दीपक म्हणाला.

“नको.”

साक्री गेलं. बाहेर ऊन उतरू लागलं. सूर्य आमच्या मागे होता. सूर्य मावळला की ती थेंबभरही पाणी घेत नाही, दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत. उजेडात सावदा गाठता येणार नव्हतंच, फार तर धुळे. ती मधूनमधून बाजूच्या आरशात बघत होती आणि मी मागे बसून तिच्या आरशात बघण्याकडे बघत होते. दीपकला लवकर चालव म्हणावं की हळू, मला कळत नव्हतं.

धुळ्यात घराखाली गाडी थांबली तेव्हा ऊन समोरच्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर उरलं होतं. समीक्षाला आंघोळ घालायला भाभी वर आली. मागोमाग बाई आली, कठडा धरत. घरात कुणी नव्हतं. माझा नवरा कामासाठी नंदुरबारला गेला होता.

बाई माझ्या घरी याआधी आली नव्हती असं नाही. यायची, भाऊंबरोबर, तासभर. दोघं सोफ्याच्या कडेला बसायचे, घर बघायचे, मुलीच्या घरचं पाणी चालत नाही म्हणून काही घ्यायचे नाहीत, आणि निघताना पडद्यांचं कौतुक करायचे. आजही ती त्याच कडेला बसली. भाभी समीक्षाला घेऊन न्हाणीघरात गेली. आतून पाण्याचा आवाज येत होता.

“विधी,” बाईने मला नावाने हाक मारली. “पाणी आहे?”

मी ऐकलं, तरी पुन्हा विचारलं. “तुला?”

“मला. उकळलेलं आहे का?”

नव्हतं. दोन-तीन दिवस घर बंद होतं. मी पातेलं भरलं, दुहेरी कपड्यातून गाळून घेतलं, गॅस मोठा केला आणि समोर उभी राहिले. पाणी इतका वेळ घेतं हे मला माहीत नव्हतं. तळाशी बारीक बुडबुडे धरले आणि तिथेच राहिले. ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. खिडकीतून समोरची इमारत दिसत होती. उन्हाची पट्टी टाकीवर गेली, मग टाकीच्या झाकणावर.

पाणी उकळलं तेव्हा झाकणावर काही नव्हतं.

“थंड व्हायलाही वेळ लागलाच असता,” ती म्हणाली. तिने गॅस बंद केला आणि ताटली शोधून पातेल्यावर ठेवली. माझ्या घरातली भांडी कुठे असतात हे तिला माहीत नव्हतं. दोन कपाटं उघडावी लागली. “राहू दे. सकाळी पिईन.”

भाभी समीक्षाला माझ्या दुपट्ट्यात गुंडाळून घेऊन आली. “चलायचं, बाई?”

“तुम्ही निघा. पोरगी पेंगुळलीय. दीपकला म्हणावं, माझी पिशवी वर पाठव.”

भाभीने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले नाहीत, मान हलवली नाही, काहीच केलं नाही. काही केलं असतं तर ते बिघडलं असतं, असं वाटलं. ती खाली गेली. खाली दीपकचा आवाज आला, काहीतरी विचारल्यासारखा, मग संयमचा. पिशवी संयमने आणली, दारात ठेवली आणि म्हणाला, “दादी, तू बाद.”

“जा, गाडीत बस,” ती म्हणाली.

गाडी गेल्यावर घर फार मोकळं झालं. मला काय करावं सुचेना. मी चादर काढली, परत ठेवली, दुसरी काढली. बाई गॅलरीत जाऊन उभी राहिली होती. रस्त्यावर दिवे लागत होते.

“पश्चिम कुठली इथे?” तिने विचारलं.

मी हात करून दाखवली. आम्ही ज्या रस्त्याने आलो तोच, साक्रीचा.

“त्या बाजूला कुठपर्यंत धुळे?”

“वस्ती वाढतेय तिकडे. नक्की कुठे संपतं ते नाही सांगता यायचं.”

“विचारून ठेव कुणाला तरी,” ती म्हणाली. “एकदा बोलले की मग बदलता येत नाही.”